चार रुपयांचा समभाग आणि अडतीवरचा मुनीम

चैत्र-वैशाखात हिंगोलीच्या संत नामदेव हळद बाजारात आणि वसमतच्या मोंढ्यात हळदीचे ढीग पडू लागले, की कयाधू आणि पैनगंगा यांच्या या मुलखात जो पैसा खेळू लागतो, त्याच्या वाटा तो येण्यापूर्वीच ठरलेल्या असतात: सोसायटीचे पीककर्ज, खताबियाण्याच्या दुकानाची वर्षभराची उधारी, घरातील एखाद्या लग्नाचा बस्ता, नांदेडच्या शिकवणीवर्गाचा हप्ता. ही सारी देणी चुकती केल्यावर ज्याच्या हाती वीस-पंचवीस हजारांची शिल्लक उरते, तो कळमनुरी तालुक्यात सुखवस्तूच गणला पाहिजे. आणि या शिलकेचे काय करावे, या प्रश्नाला त्याच्या वडिलांच्या पिढीत दोनच उत्तरे होती, एक सराफाची पेढी आणि दुसरे पतसंस्थेची मुदत ठेव. आता तिसरे उत्तर प्रत्येकाच्या खिशात वाजत असते. मार्च २०२० मध्ये देशातील डीमॅट खाती चार कोटींच्या आसपास होती, ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांनी दहा कोटींचा आकडा ओलांडला. आणि या नव्या खातेदारांत मुंबई-पुण्याचेच लोक असतील अशी ज्यांची समजूत असेल, त्यांनी हिंगोली-नांदेड रस्त्यावरच्या कोणत्याही चहाच्या हॉटेलात अर्धा तास बसून शेजारच्या बाकड्यावरचे संभाषण ऐकावे.

कळमनुरीच्या एका अडत दुकानात, काट्यापाशी हमालांची गडबड चालू असता, मामा-भाच्यांत झडलेला असा एक वाद माझ्या कानी पडला. मामा त्या दुकानाचे मुनीम. उभा जन्म शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिण्यात गेलेला. भाचा ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे केंद्र चालवतो. पीकविम्यापासून उत्पन्नाच्या दाखल्यापर्यंत निम्म्या गावाचे दस्तऐवज त्याच्या हातून जातात, त्यामुळे त्याला अडाणी म्हणण्याची सोय नाही. एका कंपनीचा समभाग चार रुपयांस मिळत होता आणि तो घ्यावा की न घ्यावा, एवढाच मुद्दा होता. कंपनीच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही; अशा कंपन्यांची नावे दर पंधरवड्यास बदलतात, युक्तिवाद मात्र तेच राहतात.

“मामा, पंचवीस हजारांत सव्वासहा हजार शेअर यायलेत,” भाचा सांगत होता. “दहाला गेला तरी साडेबासष्ट हजार झाले. सगळे म्हणायलेत, दिवाळीपर्यंत पंधरा कुठंच नाही गेले.”

“अन् नाही गेला तर?”

“नाही गेला तर चाराचा तीन होईल. एक रुपया कमी होईल, दुसरं काय?”

“अरे, चारातला एक म्हणजे रुपयामागं चार आणे. सव्वासहा हजार गेले म्हण की सरळ.” मुनिमांनी लेखणी कानावर ठेवली. “अन् ते जाऊ दे. तू इकायला काढलास, तर घ्यायला कोण उभं हाय तिथं?”

भाच्याने यावर दूरध्वनीचा पडदा मामांच्या पुढे धरला. पडद्याच्या डाव्या अंगाला खरेदीदारांची रांग होती, सव्वीस लाख समभागांची मागणी आणि उजव्या अंगाला, म्हणजे विकणाऱ्यांच्या बाजूला, शून्य. समभागाला ‘अप्पर सर्किट’ लागले होते, म्हणजे त्या दिवसापुरती भाव चढण्याची कमाल मर्यादा गाठली गेली होती. भाच्याच्या मते हा त्या कंपनीच्या लोकप्रियतेचा निर्विवाद पुरावा होता. मामांनी चष्मा कपाळावर सरकवून तो पडदा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, “मग आज तर कोणी इकतच नाही. उद्या ही रांग त्या बाजूला गेली म्हणजे?”

अर्थशास्त्राच्या ज्या ग्रंथांची पारायणे विद्यापीठांत होतात, त्यांत या प्रश्नाला मोठमोठी नावे असतील. पण स्वस्त समभागाच्या सौद्याचा सारा गाभा मुनिमांच्या त्या एका प्रश्नात आहे, असे माझे मत आहे आणि तेच येथे जरा विस्ताराने मांडावयाचे आहे. समभाग स्वस्त आहे की महाग, हा प्रश्न दुय्यम होय. पडद्यावर दिसणाऱ्या आकड्याला किंमत म्हणावे की नाही, हे त्या आकड्याला समोर माणूस उभा आहे की नाही, यावर ठरते.

प्रथम स्वस्ताईचाच विचार करू. चार रुपये ही रक्कम लहान आहे, यात वाद नाही. परंतु कंपनीचे भांडवल किती तुकड्यांत वाटले गेले आहे, हे जोवर ठाऊक नाही, तोवर एका तुकड्याची किंमत ऐकून कंपनीचे मोल काढणे व्यर्थ आहे. भाच्याच्या बाजूने जे उदाहरण हमखास पुढे केले जाते, ते पुण्याच्या सुझलॉनचे. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यात ब्राह्मणवेलकडे ज्यांच्या पवनचक्क्या फिरताना आपण पाहिल्या, त्या कंपनीचा समभाग मार्च २०२० मध्ये दोन रुपयांच्याही खाली गेला होता आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने ऐंशी रुपयांची मर्यादा ओलांडली. दोनाचे ऐंशी! ही कथा हॉटेलाहॉटेलांतून आज एखाद्या पुराणाच्या अध्यायासारखी सांगितली जाते आणि ती खोटी नाही. तथापि पुराणिकाने एक अध्याय सांगून पोथी मिटावी, तसे येथे होते. ऑक्टोबर २००५ मध्ये हीच कंपनी बाजारात आली, तेव्हा तिने दहा रुपये दर्शनी मूल्याचा समभाग ५१० रुपयांना विकला होता. २००८ च्या आरंभी त्या एका समभागाचे दोन रुपयांचे पाच भाग करण्यात आले, म्हणजे मूळ खरेदीदाराला प्रत्येक भाग १०२ रुपयांना पडला. ज्या शिखराचा आपण आज जयजयकार करतो, ते २०२४ चे शिखर एकोणीस वर्षांनंतरही त्या १०२ रुपयांच्या खालीच राहिले. दरम्यान जर्मनीतील आरईपॉवर कंपनी घेण्यासाठी काढलेले कर्ज, २०१२ च्या ऑक्टोबरात परदेशी रोख्यांची थकलेली परतफेड, बँकांशी झालेल्या तडजोडी, या सर्वांतून कंपनी तगली खरी, परंतु समभागांची संख्या दीडशे कोटींच्या आसपास होती ती तेराशे कोटींच्या पलीकडे गेली. एकाच वाड्याचे वाटे करता करता वाटेकरी जर नऊपट झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला आलेली खोली स्वस्त झाली, असे कोणी म्हणत नाही.

शिवाय सुझलॉनचे भाग्य उघडले म्हणून तिच्या बरोबरीने रसातळाला गेलेल्या इतर कंपन्यांचेही उघडले, असे नाही. अनिल अंबानी यांची रिलायन्स कम्युनिकेशन्स २००८ च्या जानेवारीत आठशे रुपयांच्या आसपास होती. २०१९ पासून ती दिवाळखोरीच्या कार्यवाहीत अडकली आहे आणि तिचा समभाग वर्षानुवर्षे एक-दोन रुपयांभोवती घुटमळत राहिला. जो भाचा २०२० मध्ये सुझलॉन दोन रुपयांना घेऊ शकत होता, त्याच्यासमोर त्याच दिवशी, तेवढ्याच किमतीला, अशा कितीतरी कंपन्या मांडलेल्या होत्या. त्यांतील कोणती उठेल आणि कोणती कायमची निजेल, हे त्या दिवशी त्या कंपन्यांच्या सावकार बँकांनासुद्धा सांगता आले नसते. लोक विजेत्याचे नाव सांगतात, कारण हरलेल्यांची नावे त्यांच्या स्मरणातून गेलेली असतात.

आता ज्या ठिकाणी आकडा होता, परंतु किंमत नव्हती, अशी दोन उदाहरणे घेऊ. दिवाण हाउसिंग फायनान्स ही मुंबईची गृहकर्ज कंपनी दिवाळखोरीत निघाल्यावर जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने पिरामल समूहाच्या योजनेस मंजुरी दिली. बातमी फुटताच समभागास वरचे सर्किट लागले. वीस रुपयांच्या घरातील हा समभाग, एवढा बलाढ्य धनी मिळाल्यावर कोठल्या कोठे जाईल, या भरवशावर लहान गुंतवणूकदार त्यावर तुटून पडले. धनी खरोखरच बलाढ्य होता. पण त्याने कंपनी घेतली होती, भागधारक घेतले नव्हते. मंजूर योजनेनुसार जुन्या समभागांचे मोल शून्य ठरले, १४ जूनपासून व्यवहार बंद झाले आणि समभाग बाजारातून काढून टाकण्यात आला. ज्याने आठवड्यापूर्वी वीस रुपये मोजले होते, त्याची वीस रुपयांची रक्कम दहाची किंवा पाचची झाली नाही. ती हिशेबातूनच नाहीशी झाली. धनकोंची देणी भागल्यावर काही उरले तरच मालकाला मिळते, आणि भागधारक हा मालक असतो, हे कंपनी कायद्याचे अगदी पहिले सूत्र आहे. परंतु पडद्यावर हिरव्या रंगात वाढणारा आकडा पाहताना ते कोणाला आठवते?

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट, आणि म्हणूनच अधिक उद्बोधक. मुंबईच्या एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा समभाग जून २०२४ मध्ये ३ रुपये ५३ पैशांना नोंदलेला होता आणि २९ ऑक्टोबर २०२४ रोजी, एकाच दिवसात, तो २ लाख ३६ हजार २५० रुपयांवर बंद झाला. ही बातमी मराठवाड्यातील प्रत्येक दूरध्वनीवर पोहोचली असावी, कारण त्यानंतर “असा एखादा तीन रुपयांवाला सांगा” ही विनंती मी स्वतः अनेकांच्या तोंडून ऐकली आहे. पण येथे चमत्कार कोणताच घडला नव्हता. या कंपनीचे सारे भागभांडवल अवघ्या दोन लाख समभागांचे आणि तिच्या पेटीत एशियन पेंट्सचा जवळपास तीन टक्के हिस्सा. म्हणजे प्रत्येक समभागामागे लाखो रुपयांची मालमत्ता पहिल्यापासूनच होती. प्रवर्तकांनी पूर्वी एकदा १,६१,०२३ रुपयांच्या भावाने समभाग परत घेण्याची तयारी दाखवली, तीदेखील फलद्रूप झाली नव्हती. असे असता ३ रुपये ५३ पैशांना तो विकणारा कोण निघणार? कोणीच नाही, आणि कोणीच विकत नव्हते म्हणूनच तो आकडा तेथे गोठून राहिला होता. बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने अशा धारक कंपन्यांसाठी विशेष लिलावाची सोय केली, खरेदीदार आणि विक्रेते समोरासमोर आले, आणि त्या दिवशी प्रथमच त्या समभागाला किंमत आली. दिवाणच्या वीस रुपयांना शेवटी घेणारा उरला नव्हता, एल्सिडच्या साडेतीन रुपयांना देणारा नव्हता. दोन्ही ठिकाणी आकडा मात्र ऐटीत चमकत होता.

मुनिमांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्यांचा जन्म हर्राशीच्या ढिगापाशी गेला. २०२३ च्या उन्हाळ्याच्या आरंभी सहा-सात हजारांच्या घरात असलेली हळद ऑगस्टपर्यंत क्विंटलमागे पंधरा हजारांच्या पलीकडे गेली. ज्यांनी मार्चमध्येच विकली त्यांनी कपाळाला हात लावला, ज्यांनी राखली त्यांनी मिशीला पीळ दिला, आणि पुढे भाव घसरला तेव्हा या दोघांच्या भूमिका बदलल्या. हळद हादेखील सट्ट्याचा जिन्नस आहे, तिचे वायदे संगणकावर होतात, अफवा तिलाही लागतात. परंतु भाव कितीही पडला तरी ढिगाभोवती चार खरेदीदार उभे असतात. हळकुंड मोडून, नखाने खरवडून, गाभ्याचा रंग पाहून कोणीतरी बोली बोलतो, ती न पटली तर माल वखारीत ठेवून पावतीवर तारण कर्ज घेता येते, आणि अगदीच नाइलाज झाला तर दुःखाने का होईना, संध्याकाळी पट्टी हातात पडते. चार रुपयांच्या समभागात पडझड सुरू झाली, की ही हर्राशीच भरत नाही. पाच टक्क्यांचे खालचे सर्किट लागले म्हणजे त्या दिवशी भाव तीन रुपये ऐंशी पैशांखाली जाऊ शकत नाही. आणि तीन रुपये ऐंशी पैशांना घ्यायला कोणी तयार नसल्यामुळे विक्रीच होत नाही. दुसऱ्या दिवशी तीन एकसष्ट, तरी तेच. असे लागोपाठ चौदा दिवस गेले, तर चार रुपयांचे दोनही उरत नाहीत. आणि या चौदा दिवसांत सकाळी सव्वानऊला विक्रीचा हुकूम देऊन दुपारी साडेतीनला तो रद्द झालेला पाहणे, एवढेच काम भागधारकाकडे उरते. सर्किटाची मर्यादा ही गुंतवणूकदाराच्या रक्षणासाठी घातलेली आहे, हे खरे. पण ज्या घराला एकच दार आहे, त्या घराचे दार आतल्या माणसाच्या रक्षणार्थ बाहेरून लावण्यासारखा हा प्रकार कित्येकदा होतो, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

मग वर जाताना विक्रेत्यांची बाजू रिकामी का असते? कधी कधी खरोखरच चांगली बातमी असते. पण कित्येकदा ज्यांच्यापाशी माल आहे, ते मोजकेच लोक तो दाबून बसलेले असतात, आपापसांत थोडा थोडा फिरवून भाव चढवीत असतात, आणि बाहेर भाच्यांची रांग पुरेशी लांबली, की एके दिवशी सारा माल त्यांच्या अंगावर ओतून मोकळे होतात. बाजारात यांना ‘ऑपरेटर’ म्हणतात. साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या प्रकरणात सेबीने २ मार्च २०२३ रोजी जो आदेश काढला, तो या विद्येचे क्रमिक पुस्तक म्हणून वाचावा. जुलै २०२२ मध्ये ‘द ॲडव्हायझर’ आणि ‘मनीवाइज’ या नावांच्या वाहिन्यांवरून चित्रफिती प्रसृत झाल्या: अदानी समूह ही कंपनी घेणार आहे, एका मोठ्या अमेरिकी कंपनीने चार भक्तिपटांसाठी ११०० कोटींचा करार केला आहे. (भक्तिपटांची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली, तो आपला समाज चांगला ओळखून असला पाहिजे.) सेबीच्या म्हणण्याप्रमाणे लहान भागधारकांची संख्या २,१६७ वरून ५५,३४३ वर गेली, आणि त्याच काळात आतल्या मंडळींनी आपले समभाग फुगलेल्या भावात विकून काढले. त्या आदेशाने ४१ कोटी ८५ लाख रुपयांची जप्ती फर्मावली. अभिनेते अर्शद वारसी यांच्यासह अनेकांना बाजारात व्यवहार करण्यास मनाई झाली आणि मे २०२५ च्या अंतिम आदेशातही त्यांच्यावर दंड व बंदी लादण्यात आली. कार्यवाही झाली, हे उचितच झाले. पण जुलै २०२२ मध्ये घेतलेला समभाग आणि मे २०२५ चा अंतिम आदेश यांच्यामध्ये पावणेतीन वर्षांचे अंतर आहे, आणि तेवढ्या अवधीत ज्या पन्नास हजारांहून अधिक नव्या लोकांनी तो समभाग घेतला, त्यांतील कितीजण कोणत्या तालुक्यात आपल्या नशिबाला बोल लावत बसले, याची नोंद कोणत्याच दफ्तरात नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत जो रुपयांचा पूर आला, त्या पुरात बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. त्या काळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांचा शब्द हाच तारण समजला जाई; बँक ऑफ बॉम्बेसारखी सरकारी आश्रयाची पेढी समभागांवर सढळ हाताने कर्जे देत होती. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेचा सेनापती ली याने शस्त्रे खाली ठेवली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या दिवशी मुदतीचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा शहरात जो तो विकणारा, घेणारा कोणीच नाही, अशी अवस्था झाली. बँक ऑफ बॉम्बेचा जो समभाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो ८७ रुपयांना विकला गेला. दिनशा वाच्छा यांनी या वाताहतीवर स्वतंत्र पुस्तकच लिहून ठेवले आहे.

त्या वेळी पैनगंगेच्या पलीकडचा वऱ्हाडचा कापूस या साऱ्या उलाढालीचा कच्चा माल होता आणि अलीकडचे आपण निजामाची रयत होतो. कापूस बैलगाडीने रेल्वेपर्यंत आणि तेथून मुंबईला जाई. भावाची बातमी कधीतरी उलटी येई. परंतु येथील कुणब्याने मनात आणले असते तरी त्याला बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा भाग घेता आला नसता, कारण त्या एका भागाचे भरलेले भांडवलच पाच हजार रुपये होते. भागाची महागाई हेच त्या कुणब्याचे कवच ठरले. बुडाले ते मुंबईचे शेठसावकार. आज बातमी एका क्षणात कळमनुरीत पोहोचते आणि भाग चार रुपयांना मिळतो. कवच गेले. किंबहुना ज्यांना आपला माल कोणाच्या तरी गळ्यात मारावयाचा आहे, त्यांच्या दृष्टीने चार रुपये ही किंमतच मुळी त्या लहान माणसाला बोलावण्यासाठी मांडलेली असते, कारण सव्वासहा हजार समभागांचा मालक झाल्याचे समाधान मोठ्या कंपनीचे आठ-दहा समभाग घेऊन मिळत नाही.

इतके म्हटल्यावर भाच्याला लोभी ठरवून मोकळे होणे सोपे आहे आणि आपल्या वृत्तपत्रांतून तसे केलेही जाते. मला ते अन्यायाचे वाटते. ज्या पतसंस्थांना आपण सुरक्षित समजत होतो, त्यांचे काय झाले? बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटला २०२३ च्या उत्तरार्धात कुलपे लागली, आणि छत्रपती संभाजीनगरची आदर्श नागरी पतसंस्थाही त्याच वर्षी गाजली. मराठवाड्यातील लाखो ठेवीदारांच्या मुदत ठेवींच्या पावत्या कपाटात जशाच्या तशा आहेत, फक्त त्यांच्यामागे पैसा नाही. अशा मुलखातील तरुणाला ‘सुरक्षित मार्गाने जा’ असे सांगताना उपदेशकाची जीभ जरा अडखळलीच पाहिजे. भाचा निदान स्वतः डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या हिमतीवर धोका पत्करू पाहत आहे, आणि आपली सारी शिल्लक पणाला लावत नाही, तोवर त्यात निंद्य काही नाही. गावात पत्त्यांचे क्लब आहेत, त्यांत याहून अधिक जाते.

मी त्याला नको म्हणणार नाही. मात्र पहिल्या दिवशी शंभरच समभाग घे आणि आठवड्याने त्यांतील पन्नास विकून दाखव, असे सांगेन. विक्रीच्या वेळी डीमॅट खात्यावर जे पंधरा-वीस रुपयांचे ठरीव शुल्क पडते, ते दोनशे रुपयांच्या विक्रीतून वजा झालेले त्याने एकदा स्वतः पाहावे. सव्वासहा हजार समभागांचे स्वप्न तेथेच निम्मे उतरते. मग कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून त्यातील लेखापरीक्षकाचा शेरा वाचावा, प्रवर्तकांनी आपल्या समभागांपैकी किती तारण ठेवले आहेत ते पाहावे, गेल्या पाच वर्षांत कंपनीने किती वेळा नाव आणि धंदा बदलला याची विचारपूस करावी. कापडाच्या धंद्यातून माहिती तंत्रज्ञानात आणि तेथून सौरऊर्जेत गेलेली कंपनी दिसली, की मुनीम जसा खाडाखोड केलेल्या चिठ्ठीकडे पाहतो तसे तिच्याकडे पाहावे. आणि एक गोष्ट मात्र निक्षून: पीककर्जाचा पैसा यात घालू नये. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज लागत नाही, म्हणून ‘बिनव्याजी पैसा दोन महिने फिरवून घेऊ’ असा हिशेब करणारे लोक मला भेटले आहेत. परतफेडीची तारीख कॅलेंडरावर छापलेली असते, खालच्या सर्किटातून सुटण्याची तारीख कोणी छापत नाही.

यापुढचा भाग मात्र भाच्याचा नव्हे, सरकारचा आणि बाजाराच्या चालकांचा आहे. सल्ला देण्याची नोंदणी नसलेल्यांशी संबंध ठेवण्यास दलालांना आता मनाई आहे, आणि शिकवणीच्या नावाखाली ताज्या भावांचे दाखले देऊन टिपा वाटू नयेत म्हणून जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने तीन महिन्यांपेक्षा ताजे भाव वापरण्यासही बंदी घातली. हे ठीकच. संशयास्पद चढउतार असलेल्या कंपन्यांवर देखरेख ठेवण्यासाठी देशातील दोन्ही प्रमुख शेअर बाजारांनी टप्पे केलेले आहेत. २०१७ पासून ‘ग्रेडेड सर्व्हेलन्स मेजर’ नावाची व्यवस्था चालू आहे आणि तिच्या कठोर टप्प्यावर समभागाचा व्यवहार आठवड्यातून एकाच दिवशी होतो. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर मुनीम मागत होते, त्याचा बराचसा भाग बाजाराच्या दफ्तरात लिहिलेला आहे. तो भाच्यापर्यंत येतो तो तीन रोमन अक्षरांच्या एका बारीक खुणेच्या रूपाने, खरेदीच्या बटणापासून दूर, ज्या खुणेवर बोट दाबले तर इंग्रजी परिपत्रकाची वाट उघडते.

विडीच्या पाकिटावर अर्ध्याहून अधिक जागा धोक्याच्या इशाऱ्यासाठी सोडावी लागते, आणि ते पाकीट या समभागाहून स्वस्त मिळत नाही. खरेदीचा हुकूम स्वीकारण्यापूर्वी पडद्यावर ठळक मराठीत एवढेच यावे: हा समभाग अमुक टप्प्याच्या देखरेखीखाली आहे, गेल्या तीस दिवसांपैकी इतक्या दिवशी याला खरेदीदार नव्हता किंवा विक्रेता नव्हता, यातील इतके टक्के समभाग पहिल्या दहा जणांपाशी आहेत. यांतील बहुतेक आकडे आजच बाजारापाशी आणि कंपनीच्या तिमाही विवरणपत्रांत आहेत, त्यासाठी नवा कारकून नेमावा लागणार नाही. मराठीत जाहिरात करून कळमनुरीतून खाती उघडून घेणाऱ्या दलालांना मराठीत हा तपशील देण्यास नेमकी कोणती अडचण आहे, ते सेबीने त्यांना विचारावे आणि त्यांचे उत्तर छापून प्रसिद्ध करावे.